ताईच्या कानातला पाहुणा

१

धाकटा रोज सकाळी कामावर जाण्याआधी तासभर आवाज काढत बसायचा. गाणं नव्हे, वाजवणं नव्हे, नुसते आवाज. घूं, खर्रर्र, झंऽऽ असले. वय बेचाळीस, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, लाउडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात सतरा वर्षं नोकरी. पण घरात तो धाकटाच, कारण त्याची ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी आणि तो राहायचा तिच्याच घराच्या वरच्या खोलीत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर म्हणायचा, माझे आवाज सहन करणारी भेटली की सांगतो. अजून भेटली नव्हती, आणि त्याला तरी कुठे घाई होती.

आवाज निघायचे एका डब्यातून. डबा म्हणजे वर्कशॉपातल्या भंगारातून उचलून आणलेला जुना मिक्सर. स्वयंपाकघरातला नव्हे, सभागृहात माइक जोडतात तो. चार ठिकाणचे आवाज आत घ्यायचे, कमीजास्त करायचे, एकत्र करून बाहेर सोडायचे, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. धाकट्याने त्याला भलत्याच नादाला लावलं होतं. आत काहीच जोडायचं नाही. माइक नाही, वाद्य नाही, काही नाही. बाहेर जाणाऱ्या दोन वायरींपैकी एक स्पीकरला ठेवायची, दुसरी वळवायची आणि त्याच डब्यात पुन्हा खोचायची. बाहेरचं काहीच येत नाही म्हटल्यावर डबा स्वतःच्याच पोटातली कुजबुज ऐकतो, ती मोठी करून सांगतो, मोठी झालेली पुन्हा ऐकतो, आणि असं गोल गोल फिरत पाच-दहा सेकंदांत शून्यातून एक सूर उभा राहतो. भाषणात माइक स्पीकरसमोर आला की कानठळ्या बसवणारी शीळ येते ना, तिचीच ही जात. धाकट्याने ती माणसाळवली होती.

गेलेला सूर परत मात्र येत नसे. नॉब केसभर हलला, वायर काढून पुन्हा घातली, नुसता डबा तापला, तरी दुसराच सूर लागायचा. त्याने वहीत नॉबांची चित्रं काढून, कोनमापकाने कोन मोजूनही पाहिले होते, उपयोग शून्य. आणि वर्कशॉपातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पहिल्याच वर्षी त्याला बजावून ठेवलं होतं की फिरता सूर एकटा सोडून जायचं नाही. तो कधी चढेल आणि स्पीकर जाळेल याचा नेम नसतो. म्हणून उठताना वायर उपटायची, मगच खोलीचं दार ओढायचं. धाकट्याने हे एकदाही चुकवलं नव्हतं.

२

ताई शाळेत गाणं शिकवायची. बावीस वर्षं झाली होती. वर्गातली निम्मी मुलं बेसूर, उरलेली तोंडच न उघडणारी, तरी वर्षाच्या शेवटी ती त्यांच्याकडून असं काही गाऊन घ्यायची की आईबापांना आपलीच पोरं ओळखू यायची नाहीत. मग गेल्या वर्षी तिच्या डाव्या कानात आवाज सुरू झाला. बारीक, एकसुरी, चोवीस तास. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की कान ठणठणीत आहे, हा आवाज बाहेर कुठे नाहीच, सवय करून घ्या.

त्या आवाजाचं बारसं भावोजींनी केलं. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि तिथे चष्म्यांपेक्षा त्यांचे विनोदच जास्त खपायचे. त्यांनी कानातल्या आवाजाला नाव दिलं पाहुणा, आणि रोज सकाळी चहा ओतताना ते विचारायचे, पाहुणे उठले का. ताई हसायची. पण पाहुणा तिच्या सुरापेक्षा जरासा वर बसलेला होता, आणि गाताना ती नकळत त्याच्या मागे जायची. ते आधी मुलांच्या लक्षात आलं, मग मोठ्या बाईंच्या.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी ताईला सहा महिने ग्रंथालयात बसवलं आणि सांगितलं, या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी माझ्यासमोर पाचवीला एक गाणं शिकवून दाखवा. जमलं तर वर्ग तुमचा, नाही तर आपलं ग्रंथालयच बरं. ताईने शाळेत मान डोलावली. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आली नाही. धाकट्याने आपल्या ताईला रडताना लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं.

शुक्रवारला बारा दिवस उरले असताना, रविवारी सकाळी, त्याने तिला वर बोलावलं. त्याचा हिशेब साधा होता. नळाच्या आवाजात पाहुणा दबतो असं तीच म्हणाली होती, मग नळापेक्षा चांगला आवाज आपण शोधू. ताई खुर्चीत डोळे मिटून बसली आणि धाकटा नॉब फिरवू लागला. अजून खाली, असं ती म्हणायची. आता जरा जाड. नको, हा दात दुखवतोय. तिसरा चहा झाला, भावोजी दोनदा डोकावून गेले, आणि साडेअकराच्या सुमारास डब्यातून एक सूर निघाला. खोल, गोल, पोटात जाणवणारा, मधूनच अगदी सावकाश हेलकावा घेणारा. धाकट्याचे हात जागच्या जागी थांबले. इतका देखणा आवाज त्याने आयुष्यात काढला नव्हता.

ताईने डोळे उघडले. "गेला," ती म्हणाली.

३

रविवारी दिवसभर आणि रात्रभर धाकटा सुराजवळून हलला नाही, जेवणसुद्धा त्याने वरच मागवलं. सोमवारी सकाळी कामावर जाताना नियमाप्रमाणे त्याने वायर उपटली, बूट घातले आणि खाली आला. ताई टेबलाशी बसली होती, कप तसाच भरलेला. तोंड बघूनच त्याला कळलं. पाहुणा परत आला होता, आणि तोही नेमका वायर निघाली त्या क्षणी.

धाकटा बूट न काढता वर धावला. आशा काही नव्हती. कालचा सूर म्हणजे वाहून गेलेलं पाणी, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी त्याने वायर पुन्हा खोचली. आणि तोच सूर लागला. तोच खोल, तोच हेलकावा, केसाचाही फरक नाही. खरं तर तिथेच त्याने चपापायला हवं होतं. एवढ्या वर्षांत जे एकदाही घडलं नाही ते त्याच्या डोळ्यांदेखत घडत होतं. पण खालून ताईची हाक आली की गेला रे, आणि बूट घातलेला तो टक्कल पडत चाललेला माणूस खोलीत एकटाच नाचला.

त्या दिवशी वायर तशीच ठेवून त्याने दार ओढलं. सूर एकदा परत आला तो नशिबाने, दुसऱ्यांदा येईलच असं नाही, आणि शुक्रवारपर्यंत जोखीम घ्यायला तो तयार नव्हता. मिस्त्रींचं म्हणणं त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं आणि त्याने ते बाजूला सारलं.

संध्याकाळी शेजारच्या बाई तक्रार घेऊन आल्या, की त्यांच्या कपाटातले कप आपोआप वाजताहेत. धाकट्याने ओशाळून स्पीकर पार बंद केला. सूर डब्यात फिरत राहिला, बाहेर मात्र कणभरही आवाज नाही. आता पाहुणा येणार म्हणून तो ताईकडे बघत राहिला. ताई भाजी चिरत होती. तिला काही कळलंच नव्हतं, आणि पाहुणाही आला नाही. धाकट्याने स्वतःची समजूत घातली की हा मनाचा खेळ आहे. औषध म्हणून साखरेची गोळी दिली तरी माणसं बरी होतात. तसं असेल तर वायर काढायला काय हरकत होती, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

त्या आठवड्यात घराचा नूरच पालटला. ताई सकाळी उठून सूर लावू लागली, आणि सूर जिथे लावायचा तिथेच लागू लागला. भावोजी चहा ओतताना म्हणू लागले की पाहुणे न सांगताच गेले, निदान निरोप तरी घ्यायचा.

४

बुधवारी धाकट्याला वर्कशॉपातून फोन आला. तो खोलीत डब्यासमोर बसूनच बोलत होता. स्पीकर बंद असल्यामुळे सूर चालू आहे की नाही हे कळायला आता एकच खूण होती. डब्यावर दहा बारीक दिव्यांची रांग होती, आवाज जेवढा मोठा तेवढे दिवे जास्त. सहा हिरवे, तीन पिवळे, शेवटचा लाल. दोन दिवस त्यांतले सात दिवे अगदी स्थिर जळत होते.

बोलता बोलता त्याचं लक्ष गेलं. सातही दिवे विझलेले. तो बोलायचा थांबला. लगेच सातही दिवे लागले. त्याने फोनवर विचारलं, कुठला अ‍ॅम्प्लिफायर म्हणालात. दिवे विझले. तिकडचा माणूस बोलू लागला, इकडे दिवे लागले.

धाकटा धंद्यातला माणूस होता. स्पीकर उलटा वापरला तर माइकसारखं काम करतो, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बंद स्पीकरची वायर अजून डब्याला होतीच. त्याने ती काढली आणि म्हणाला, हॅलो. दिवे विझले. मग मोबाइलच्या लहरींची गडबड असणार म्हणून मोबाइल खाली ठेवून आला. हॅलो. दिवे विझले. हेडफोन काढले, टेबलावरचा दिवा काढला, पंखा बंद केला. आता डब्याला भिंतीतल्या विजेखेरीज जगाशी जोडणारं काहीही नव्हतं. टाळी वाजवून पाहिली. दिवे हलले नाहीत. खुर्ची सरकवली, टेबलावर चमचा आपटला, दिवे ढिम्म. माणूस बोलला की मात्र विझायचे.

तो हाताची घडी घालून समोर बसला. आणखी एकदा हॅलो म्हणावं असं मनात आलं, त्याने श्वास घेतला, आणि तो बोलायच्या आधीच दिवे विझले.

त्याने तोंड मिटून घेतलं. दिवे लागले नाहीत. खोलीत घड्याळाची टिकटिक होती, खाली ताई भांडी लावत होती, आणि तो काळा डबा वाट बघत होता. अर्धं मिनिट गेलं.

"काही नाही," तो शेवटी म्हणाला. सातही दिवे लागले.

५

हे त्याने भावोजींना दाखवलं. ताईला सांगण्यात अर्थ नव्हता, आणि एकट्याने बघण्यापेक्षा दोघांनी बघितलेलं बरं असं त्याला वाटलं. भावोजींना तर खेळणंच मिळालं. त्यांनी डब्याला दुकानातले तीन विनोद ऐकवले, प्रत्येक वेळी दिवे शेवटपर्यंत विझलेले राहिले, आणि भावोजी कृतकृत्य झाले. एवढ्या वर्षांत त्यांचा विनोद मध्ये न तोडता ऐकणारा हा पहिलाच, असं त्यांचं म्हणणं पडलं. धाकटाही हसला. हसल्यावर त्याला खरंच बरं वाटलं. वायरिंगमध्ये काहीतरी सैल असणार, शुक्रवार झाला की खोलून बघू, असं ठरवून तो जेवायला गेला आणि दोन घास जास्तच जेवला.

जिना चढताना भावोजी एक गोष्ट बोलून गेले होते, ती त्याला नंतर आठवली. ते म्हणाले होते, मघाशी वर कोण आलं होतं, तू कुणाशी तरी बोलत होतास ना. धाकटा तेव्हा खालीच, अंगणात सायकल पुसत होता.

६

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर भावोजी मित्राकडे गेले आणि ताई खालच्या खोलीत वेताच्या आरामखुर्चीत लवंडली. धाकटा वर वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटताना त्याने सहज डब्याकडे पाहिलं. दिवे विझलेले होते.

तो बोलला नव्हता. बोलायचं मनातही नव्हतं. त्याने कान दिला. घरात, रस्त्यावर, कुठेही कुणी बोलत नव्हतं. दिवे क्षणभर लागले, पुन्हा विझले. बराच वेळ विझलेले राहिले. मग दोनदा चटचट लागले आणि परत विझले. फोनवर समोरचा माणूस सलग बोलत असताना आपण मधूनच हो, हो म्हणतो, तसं ते होतं. डबा कुणाचं तरी ऐकत होता, आणि मधूनच उत्तरही देत होता.

धाकटा अनवाणी उठला आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभा राहिला. तिथून दोन्ही दिसायचं: वर उघड्या दारातून दिव्यांची रांग आणि खाली खुर्चीतली ताई. ताई गाढ झोपली होती. ओठ मिटलेले, डोकं उजवीकडे कललेलं, डावा कान छताकडे. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. मग उरलेल्या पायऱ्या उतरला.

आपण काय करतोय हे त्याला धड सांगता आलं नसतं. तो खुर्चीशेजारी वाकला आणि त्याने आपला कान ताईच्या डाव्या कानाजवळ नेला. आधी तिच्या केसांतल्या साबणाचा वास आला. मग आतून, फार बारीक, बंद दाराच्या पलीकडे कुणी पाठमोरं उभं राहून बोलावं तसं काहीतरी आलं. शब्द नव्हते. पण बोलणं होतं, चढ-उतारासकट, अगदी घरगुती गप्पांसारखं.

ते थांबलं. आपण खोलीत शिरल्यावर दोघांचं बोलणं थांबतं ना, तसं. जिन्यातून वर पाहिलं तर उघड्या दारातून सात दिवे लागलेले दिसले, शहाण्यासारखे स्थिर.

पाहुणा गेला नव्हता. त्याने नुसतं तोंड फिरवलं होतं. धाकट्याच्या मनात हे अगदी स्पष्ट उमटलं. वायर उपटायची, आत्ता, या मिनिटाला, एवढं एकच त्याला सुचलं. तेवढ्यात ताईने डोळे उघडले आणि तोंडाजवळ वाकलेला भाऊ पाहून ती हसायला लागली. त्याने डास होता म्हणून सांगितलं. ताई आळस देत उठली, कसलंही स्वप्न न पडता झोपले म्हणाली, आणि पाणी प्यायला जाता जाता तिने सहज सरगम घेतली, खालपासून वरपर्यंत आणि परत. एकेक सूर असा बसला की धाकट्याचे डोळे भरून आले. वर्षभरात त्याने तिला असं गाताना ऐकलं नव्हतं.

मग तिने त्याचा चेहरा पाहिला. धाकट्याला लहानपणापासून तिच्यापुढे काही लपवता येत नसे. डबा बंद करावा म्हणतोय, एवढंच तो बोलला. ताईने पेला ठेवला.

"शुक्रवारपर्यंत राहू दे," ती म्हणाली. "त्यात काय बिघडलंय ते मला सांगू नकोस. मला माझा वर्ग परत मिळू दे, मग त्याचे तुकडे केलेस तरी चालतील."

ताईने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. धाकटा बरं म्हणाला.

७

शुक्रवारच्या दोन दिवस आधी फाटकावर नोटीस लागली. मीटर बदलायचे असल्यामुळे शुक्रवारी सकाळी दहा ते बारा वीज बंद. ताईचा वर्ग पावणेअकराला होता. धाकट्याने नोटीस दोनदा वाचली आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, त्याला सुटल्यासारखं वाटलं. आता आपल्याला काही करावंच लागणार नाही. मग ताईचा चेहरा आठवला. त्याने वर्कशॉपातून एक यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा खोका, मागून आणला, सायकलच्या कॅरिअरवर बांधून, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

शुक्रवारी भावोजींनी दुकान उशिरा उघडायचं ठरवून ताईला स्वतः शाळेत सोडलं. जाताना ते म्हणाले की आज मी मागच्या बाकावर बसून शिट्टी मारणार. ताईने त्यांना दटावलं. निघताना तिने वर धाकट्याकडे बघून हात केला आणि धाकट्याने अंगठा दाखवला.

दहाला वीज गेली. आसपासचे सगळे बारीकसारीक आवाज एकदम थांबले. फ्रिज, पंप, शेजारचा टीव्ही, जे चालू असताना ऐकूच येत नाहीत असे. यूपीएस मिनिटाला एकदा टुक करत होता. सात दिवे स्थिर होते. धाकटा खुर्चीत बसून आपण किती वेडे आहोत याचा विचार करत होता, आणि त्या विचाराने त्याला हसूही येत होतं.

दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी दिवे विझले.

त्याने आधी यूपीएस पाहिला. तो चालू होता. डब्याचा विजेचा लाल ठिपका चालू होता. वायर घट्ट होती. नुसती दिव्यांची रांग काळी. एक मिनिट गेलं, दोन गेली. शाळा इथून तीन किलोमीटर. या वेळी तिथे ताई वर्गासमोर उभी राहून सूर लावत असणार, आणि इथे हा डबा श्वास रोखून बसला होता. धाकट्याने हॅलो म्हटलं. टाळी वाजवली. शेवटी हळूच म्हणाला, ताई. त्याच्याकडे डब्याचं लक्षच नव्हतं. त्याने वायरीकडे हात नेला. उपटली आणि तिकडे, चाळीस मुलांसमोर, मोठ्या बाईंसमोर, पाहुणा परत आला तर? हात वायरीपाशी तसाच राहिला. मनगट दुखू लागलं तरी त्याने तो पुढे नेला नाही आणि मागेही घेतला नाही.

अकरा मिनिटांनी दिवे लागले. एकेक करत सात, मग आठ, नऊ, आणि आजवर कधीच न पेटलेला दहावा, लाल. क्षणभर सगळे दहा जळले. मग रांग लटपटली आणि वेडीवाकडी नाचू लागली, पहिल्या दिवशी भंगारातून आणल्यावर नाचली होती तशी. धाकटा म्हणाला, हॅलो. दिवे विझले नाहीत. त्याने भावोजींचा एक विनोद सांगून पाहिला, शेवटच्या वाक्यापर्यंत. दिवे आपल्याच तालात. समोर आता एक साधा, अडाणी डबा होता.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. जे काही होतं ते गेलं होतं, आणि त्याने काही न करताच गेलं होतं. तो खुर्चीत मागे रेलला आणि मोठ्याने हसला.

८

साडेबाराला दोघं केक घेऊनच आले. वीज आलेली होती, पंखा फिरत होता, आणि वर्गाच्या दारातून सगळं बघून आलेले भावोजी चपला काढायच्या आधीच हकीकत सांगू लागले होते. पहिल्या ओळीला पोरं गप्प झाली. दुसऱ्या ओळीला मागच्या बाकावरच्या दांडगोबाने खिशातलं काहीतरी परत खिशात ठेवलं. शेवटी ताईने एक सूर धरला, मुलांना ऐकवायला म्हणून, आणि तो असा धरला की मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. चष्मा भावोजींच्याच दुकानातला, हेही त्यांनी सांगितलं. सूर संपता संपेना, तेव्हा मुलं घड्याळाकडे बघायला लागली म्हणे. वर्ग ताईचा झाला होता. सोमवारपासून.

ताई गालांत हसत केक कापत होती. धाकट्याला तिने सगळ्यांत मोठा तुकडा दिला आणि त्याच्या उरलेल्या केसांतून हात फिरवला. तिने सांगितलं की आता काढ तो डबा, मला त्याची गरज नाही. पाहुणा आला तर, असं धाकट्याने विचारलं. ताई म्हणाली, नाही येणार. ते इतक्या खात्रीने म्हणाली की त्याने पुढे काही विचारलं नाही.

भावोजी दुकानात गेले. धाकटा वर आला आणि त्याने वायर उपटली. दिवे विझले. तो जिन्याकडे कान लावून थांबला. खाली ताई भांडी विसळता विसळता गुणगुणत होती, आणि तिचं गुणगुणणं जरासुद्धा अडखळलं नाही. पाहुणा आला नव्हता. धाकट्याने सुटकेचा निःश्वास टाकला, वायर हातावर गुंडाळली, डबा पुसून कपाटात ठेवला.

खाली गुणगुण चालूच होती. खोल, गोल, मधूनच सावकाश हेलकावा घेणारी. छान लागलाय आज हिचा आवाज, असं वाटून तो पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिला. नळ बंद झाला. भांडी लागली. ओट्यावरून फडका फिरला. आणि मग धाकट्याच्या लक्षात आलं की आपण कसली तरी वाट बघतोय, आणि ती गोष्ट येत नाहीये. ताई श्वास घ्यायला थांबत नव्हती.

त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा एकदा गोल फिरला. दुसऱ्यांदा फिरला. सूर तसाच, न तुटता, जिन्यावरून वर येत राहिला. तिला हाक मारावी, नुसतं ताई म्हणावं, म्हणून त्याने श्वास घेतला, आणि तो बोलायच्या आधीच गुणगुण थांबली.

घरात चिडीचूप झालं. तो तोंड उघडं ठेवून बसून राहिला. अर्धं मिनिट गेलं.

"बोल ना," ताई खालून आनंदाने म्हणाली. "ऐकतेय."